तिथे पाठवण्याआधी काय शिकवू?

एका अध्यापक महाविद्यालयात बारा वर्षं शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे गेल्या वर्षी आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर राहून शिकवण्याच्या सरावासाठी, पहिल्यांदाच नेहमीच्या शाळांबाहेरची तीन ठिकाणं घेतली गेली: मध्येच शाळा सुटलेल्या किशोरवयीन मुलांचं एक शिक्षणकेंद्र, रुग्णालयात दीर्घ उपचार घेणाऱ्या मुलांचा एक वर्ग, आणि काय शिकायचं ते मुलंच ठरवतात अशी एक मुक्त शाळा. सहा आठवड्यांसाठी चौदा छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणारे विद्यार्थी, गेले. पंधरा दिवसांच्या आत चौघं परत आली. त्यांतली एक म्हणाली, ‘मॅडम, मला मुलं आवडतात असं वाटायचं. आता खात्री राहिली नाही.’ शिक्षणकेंद्राच्या प्रमुख ताई शेवटच्या दिवशी म्हणाल्या, ‘तुमची मुलं गुणी आहेत, पण ती शिकवायलाच येतात.’ आता सहकारी म्हणतात, आधी नेहमीच्या शाळेत हात बसू दे, मग हे बघू. प्राचार्य सुचवतात, वर्तन-व्यवस्थापनाची दोन दिवसांची कार्यशाळा घ्या आणि खंबीर मुलांनाच पाठवा. प्राध्यापिका विचारतात: ‘हा उपक्रम बंद करू, निवडक मुलांपुरता ठेवू, की सगळ्यांना पाठवू? आणि पाठवायचंच असेल तर आधी त्यांना नेमकं काय शिकवू?’

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी त्या ताईंच्या वाक्यापाशी अडखळले. ‘ती शिकवायलाच येतात.’ तुम्हाला ते लागलं, असं तुम्ही लिहिलं आहे. लागणारच. बारा वर्षं आपण शिकवायला शिकवतो आणि कुणी म्हणतं की तुमची मुलं शिकवतात हीच अडचण आहे. पण मला वाटतं, तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली त्या एका वाक्यात आहे. ताईंना म्हणायचं असावं की तुमचे छात्राध्यापक दारातून आत येतात तेव्हा पाठ आधीच ठरलेला असतो. पाठाचं टाचण लिहून झालेलं असतं, साहित्य पिशवीत असतं, पस्तीस मिनिटं मोजून वाटलेली असतात. समोर कोण बसलं आहे, हे कळायच्या आधी सगळं ठरून गेलेलं असतं.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमची मुलं कच्ची होती म्हणून परत आली, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. मला तसं वाटत नाही. आपण त्यांना ज्या गोष्टीसाठी गुण देतो, तीच गोष्ट ती तिथे करायला गेली. त्याकडे मी परत येणार आहे.

त्याआधी ‘पर्यायी शाळा’ या शब्दाबद्दल. आपण तीन निरनिराळ्या जागांना एकच नाव देतो आणि मग तिन्हींसाठी एकच कार्यशाळा शोधतो. रुग्णालयातल्या वर्गात आज आलेलं मूल उद्या येईलच असं नसतं. कुणाला घरी सोडतात, कुणाला ताप चढतो. पाच खाटांवर पाच वयांची मुलं असतात. तिथला प्रत्येक पाठ त्या दिवशी त्या बैठकीत पुरा झाला पाहिजे, उद्यावर टाकायची सोय नाही. हात धुऊन, परिचारिकेला विचारून, मुलाला थकवा किती आहे ते बघून मग वही उघडायची. शाळा सुटलेल्या मुलांच्या केंद्रात अडचण अगदी वेगळी. त्या मुलांना शाळा माहीत आहे, चांगलीच माहीत आहे. फळा, हजेरी, ‘उभा राहा आणि सांग’ यांतल्या एखाद्या गोष्टीशी त्यांचा जुना हिशेब आहे. तुमची छात्राध्यापिका त्यांच्यासाठी नवी नसते. तिच्या रूपाने आधीच्या सगळ्या बाई पुन्हा समोर उभ्या राहतात.

आणि मुक्त शाळेत तर कुणी दुखावलेलं नाही, कुणी विरोध करत नाही. तिथे छात्राध्यापकाचा कस लागतो तो कुणाला आपली गरज नाही या जाणिवेशी. इंग्लंडमधल्या समरहिल शाळेचं उदाहरण घ्या. ए. एस. नील यांनी १९२१ साली सुरू केलेल्या या शाळेत तासाला बसणं मुलांच्या मर्जीवर आहे. कडक शाळांतून आलेली मुलं तिथे महिनोन्महिने कुठल्याच तासाला फिरकत नसत, आणि नील यांना ते अपेक्षितच होतं. अशा जागी सहा आठवडे राहिलेल्या तुमच्या विद्यार्थ्याच्या तासाला एकही मूल आलं नाही, तर तो नापास झाला असं म्हणायचं का?

या तिन्ही जागांत समान आहे ते एवढंच की नेहमीच्या शाळेचे आधार तिथे नसतात. घंटा, गणवेश, हजेरीपट, चाचणी, वर्गाची उतरंड यांतून शिक्षकाला निम्मा अधिकार आयता मिळतो. नवखा शिक्षक त्या उसन्या अधिकारावर पहिली वर्षं काढतो आणि त्याला ते कळतही नाही. तो आधार काढून घेतला की उरतं ते त्याचं आणि समोरच्या मुलाचं नातं, आणि त्याचं विषयाचं ज्ञान. तयारी करायची ती या दोहोंची.

आता तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं. ‘आधी नेहमीच्या शाळेत हात बसू दे.’ ऐकायला रास्त वाटतं. पण तुमचे विद्यार्थी नेहमीच्या शाळेत नवखे नाहीतच. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली: शाळा संपेपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याने जवळजवळ १३,००० तास शिक्षकांना समोरून पाहिलेलं असतं. एवढी लांब उमेदवारी दुसऱ्या कुठल्याच पेशात प्रवेशाआधी होत नाही. म्हणून तर गोंधळ झाला की छात्राध्यापकाच्या तोंडून त्याच्या चौथीतल्या बाईंचं वाक्य बाहेर पडतं. हात आधीच बसलेला आहे. अडचण असलीच तर तीच आहे.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून एक शाळा काढली होती. १९०४ साली शिक्षकांच्या प्रशिक्षणाविषयी लिहिताना त्यांनी मुलांच्या लक्षाचे दोन प्रकार सांगितले, बाहेरचं आणि आतलं. मूल ताठ बसलंय, नजर फळ्यावर आहे, हे बाहेरचं. मन खरोखर कशाशी झटतंय, ते आतलं. नवशिक्या शिक्षकावर फार लवकर वर्ग सांभाळायची वेळ आली की तो बाहेरचं लक्ष राखण्याच्या युक्त्या गोळा करतो आणि आतलं ओळखायची नजर त्याच्यात वाढतच नाही, असा त्यांचा इशारा होता. शंभराहून अधिक वर्षं झाली. तुमचे सहकारी ज्याला हात बसणं म्हणतात, ते बहुतेक वेळा या युक्त्यांचंच पक्कं होणं असतं.

एका बाबतीत मात्र त्यांचं खरं आहे आणि ते सोडू नका. विषयाचं ज्ञान. पर्यायी जागेत प्रेम पुरतं, अशी एक समजूत आहे. ती मला फार घातक वाटते. तिथे पाठ्यपुस्तकाचा क्रम हाताशी नसतो, त्यामुळे विषय जास्त खोलवर माहीत असावा लागतो. चौदा वर्षांचा मुलगा ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहितो. चूक आहे म्हणून खूण केली की संपलं. ‘कसं केलंस, सांग’ म्हटलं तर तो सांगेल: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे वरचा अंक कुठला, खालचा कुठला, हे न बघता तो मोठ्यातून लहान काढतो आहे. कदाचित कित्येक वर्षांपासून. हा नियम त्याने स्वतः शोधलेला आहे आणि तो नेमाने पाळतो आहे. त्याला हातचा कळलेला नाही, की दशक-एककच कळलेलं नाही, हे ओळखून पुन्हा तिथून बांधत यायचं, आणि तेही त्याला दुसरीत बसवल्यासारखं न वाटू देता. हे काम नेहमीच्या वर्गातल्या पाठापेक्षा अवघड आहे. तुमच्या पहिल्या सत्रात अशा वीस-पंचवीस चुकीच्या उत्तरांचा अभ्यास घ्या. प्रत्येक चुकीमागे मुलाचा कोणता विचार असेल, यावर दोघादोघांनी डोकं चालवायचं. कार्यशाळेपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

आणि ती कार्यशाळा. प्राचार्यांचा हेतू चांगला आहे. पण जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांची चित्रणं बारकाईने तपासून १९७० साली जे मांडलं, ते त्यांना जरूर सांगा. मुलांनी गैरवर्तन केल्यावर शिक्षक काय करतो, यात शांत वर्गाच्या आणि गोंधळलेल्या वर्गाच्या शिक्षकांमध्ये फारसा फरक आढळला नाही. फरक होता आधीच्या गोष्टींत. वर्गात कुठे काय चाललंय याचं भान, एका कामातून दुसऱ्या कामात नेण्याची सहजता, काम अडखळू न देणं. म्हणजे गोंधळ झाल्यावर वापरायच्या क्लृप्त्या शिकवून फार काही हाती लागत नाही. शिवाय कार्यशाळेचं नावच तुमच्या विद्यार्थ्यांना सांगून ठेवतं की पुढे त्रासदायक मुलं आहेत. ती मग त्रास शोधतच आत जातात.

आता आपण ज्यावर गुण देतो, तो निरीक्षणाचा तक्ता.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशाच एका केंद्रावर पाठाचं निरीक्षण करायला गेले होते. छात्राध्यापिका जमिनीवर बसली होती. दाराच्या चौकटीशी बारा-तेरा वर्षांची एक मुलगी उभी. दोन्ही खांद्यांवर दप्तर, पट्टे घट्ट ओढलेले, जणू आत्ता निघायचंय. मोजपट्टीचं एक टोक छात्राध्यापिकेच्या हातात, दुसरं त्या मुलीच्या. दोघी चौकट मोजत होत्या. उंची मोजली, रुंदी मोजली. मुलीने आकडा पुटपुटला, छात्राध्यापिकेने तो फरशीवर खडूने लिहिला. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मुलीने खाली वाकून आकड्यातला एक अंक बोटाने पुसला आणि दुरुस्त केला. माझ्या मांडीवर निरीक्षणाचा छापील तक्ता होता: सज्जता प्रवर्तन (मुलांना पाठासाठी तयार करणं), हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं), प्रश्नकौशल्य, प्रबलन (शाबासकी देणं), फलकलेखन, वर्गनियंत्रण. मी वर्गनियंत्रणापुढे लिहिलं, ‘सुधारणा आवश्यक’. फलकलेखन कोरं ठेवलं. नंतर विचारलं, ‘तिला दप्तर काढून बसायला का नाही सांगितलंस?’ ती पोर खालमानेने म्हणाली, ‘मॅडम, आज अकरावा दिवस. आज ती पहिल्यांदा दारापर्यंत आली.’

माझ्या तक्त्यात याला रकानाच नव्हता. मी गुण बदलले नाहीत, नियमात बसत नव्हतं म्हणून. पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्याच छात्राध्यापिकेने सगळ्या मुलांना ओळीत बसवलं होतं, फळ्यावर तारीख घातली होती, हेतुकथन केलं होतं. चांगले गुण मिळाले तिला. दप्तरवाली मुलगी त्या दिवशी आलीच नव्हती. तिच्या न येण्याला मी कारण झाले, हे आजही माझ्या मनातून जात नाही.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं: छात्राध्यापकांना काय शिकवायचं ते नंतर, आधी त्यांचं निरीक्षण तुम्ही कशावर करता ते बदला. बुधवारी मॅडम येणार म्हटल्यावर मंगळवारी रात्री विद्यार्थी तक्त्यासाठी तयारी करणार. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांचं वर्ष त्यावर ठरतं. तुमची मुलं ‘शिकवायलाच’ गेली, कारण न शिकवण्याला आपल्याकडे गुण नाहीत.

पर्यायी जागांसाठी तक्त्याऐवजी कोरा कागद न्या आणि भेटीत तीन गोष्टी बघा. या मुलाबद्दल छात्राध्यापकाला गेल्या आठवड्यापेक्षा नवं काय कळलं? ते कळल्यावर त्याने आपल्या योजनेत काय बदललं? आणि जे करायचं त्याने टाळलं, ते का टाळलं? यावर अर्धा तास बोला आणि त्या बोलण्याला गुण द्या. विद्यापीठाचा छापील तक्ता भरणं सक्तीचं असेल तर तो नेहमीच्या शाळेतल्या पाठांवर भरा आणि इथल्या कामाची नोंद अंतर्गत गुणांत किंवा प्रकल्पात बसवा. कुठल्याही अभ्यासक्रमात थोडी हलायला जागा असते. ती शोधायला प्राचार्यांची मदत घ्या, ते नक्की करतील. काही तरी करावं ही त्यांची इच्छा तुमच्या पत्रात दिसतेच आहे.

हे झालं की सहा आठवड्यांची आखणी आपोआप बदलते. पहिला आठवडा पाठ नाही. हाताने करायचं एखादं काम छात्राध्यापकाने घ्यावं: पुस्तकं लावणं, रंग कालवणं, खाटेपाशी टेबल सरकवणं. काम करणाऱ्या माणसाला मुलं हळूच न्याहाळतात, आपल्याला न्याहाळणाऱ्या माणसापासून लांब पळतात. आणि रोज संध्याकाळी वीस मिनिटं एका मुलाविषयी लिहायचं. दिसलं तेच लिहायचं. ‘तो आळशी आहे’ असं नाही. ‘वीस मिनिटांत तीनदा पेन्सिलीला टोक काढून आला, कागदावर काही लिहिलं नाही’ असं. पहिल्या वाक्यातून पुढे काही निघत नाही. दुसऱ्यातून प्रश्न निघतो: लिहायची भीती वाटते का, की अक्षर दाखवायची लाज? हा सराव केंद्रावर जाण्याआधी महाविद्यालयात महिनाभर व्हायला हवा. माँटेसरी प्रशिक्षणात गप्प बसून निरीक्षण करण्याचे तास उगाच सक्तीचे ठेवलेले नाहीत.

ती वही कुणीतरी वाचली पाहिजे, आणि उत्तर दिलं पाहिजे. वॉर्सामध्ये बालवैद्य यानुश कोर्चाक आणि स्टेफानिया विल्चिन्स्का यांनी १९१२ पासून चालवलेल्या अनाथगृहात पुढे काम शिकायला तरुण मुलंमुली राहत असत. ती रोजच्या वहीत मुलांविषयी, स्वतःच्या चुकांविषयी लिहीत, आणि विल्चिन्स्का समासात उत्तर लिहून वही परत करत. मला या पद्धतीपेक्षा चांगली पद्धत अजून सापडलेली नाही. चौदा वह्यांना दर आठवड्याला उत्तर देणं हे मोठं काम आहे, मला कल्पना आहे. दोन सहकाऱ्यांत वाटून घ्या. दोन ओळी लिहा, पण लिहा. ‘बघितलं’ म्हणून नुसती सही करू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक किंवा दोन मुलं. चौथ्यापासून छोटा गट, तोही मुलांकडून उगवलेल्या कामाभोवती. कुणालाही एकटं पाठवू नका, जोडीने पाठवा. तुमचे परत आलेले चौघं एकटेच होते का, हे पत्रात नाही. जरूर तपासा.

आठवड्यातून एकदा सगळ्यांना दीड तास गोल बसवा. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिक या मानसोपचार केंद्रात मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात डॉक्टरांचे असे गट सुरू केले होते. एक डॉक्टर मनातून न जाणारा एखादा रुग्ण मांडायचा, बाकीचे ऐकायचे, आणि बोलणं चालायचं ते त्या दोघांच्या नात्याविषयी. समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते आजही अशी बैठक कामाचा भाग मानतात. शिक्षकाला मात्र आपण सांगतो, घरी जा, झोप, उद्या वेळेवर ये. जो मुलगा दिवसभर ‘तू कोण मला सांगणारी?’ म्हणत होता, त्याला मनात घेऊन ती मुलगी बसने घरी जाते. कुणाला सांगणार? त्या बैठकीत उपाय सुचवायची घाई करू नका. पहिली पंधरा मिनिटं फक्त ऐका. सल्ला देण्याची सवय आपल्याला, अध्यापकांना, फार असते.

केंद्रावर जाण्याआधी करायचा एक प्रयोग सांगते. प्रत्येक छात्राध्यापकाने स्वतःला अजिबात जमत नाही अशी एक गोष्ट तीन आठवडे शिकायची. पोहणं, एखादी अनोळखी लिपी, वाद्य, शिवणकाम, काहीही. गुण शिकण्याला नाहीत, नोंदींना. सगळ्यांसमोर चुकल्यावर मी काय करतो? हसण्यावारी नेतो? डोकं दुखतं म्हणतो? शिकवणाऱ्यावर चिडतो? तिसऱ्या आठवड्यात जायचंच टाळतो? माझ्या एका विद्यार्थिनीने तिसऱ्याच दिवशी लिहिलं होतं, ‘आज मुद्दाम उशिरा गेले, म्हणजे माझी पाळी चुकेल.’ पुढे केंद्रावर उशिरा येणाऱ्या मुलाकडे ती वेगळ्या नजरेने बघू शकली. आपलं टाळणं ओळखीचं झालं की मुलाचं टाळणं उद्धटपणा वाटत नाही.

तीन गोष्टी मात्र पहिल्या दिवसाआधी स्पष्ट शब्दांत सांगून ठेवायलाच हव्यात. मूल आपल्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल काही सांगू लागलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. नीट ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, आणि त्याच दिवशी ठरलेल्या व्यक्तीला कळवायचं. ती व्यक्ती कोण, तिचा नंबर काय, हे छात्राध्यापकाकडे लिहून असलं पाहिजे. दुसरं, मुलांचे फोटो काढायचे नाहीत, स्वतःच्या अहवालासाठीही नाहीत. तिसरं, भेटवस्तू, पैसे, खाजगी फोन नंबर नाहीत. आपुलकीने दिलेल्या या गोष्टी पुढे निभावता येत नाहीत.

यालाच लागून एक विषय आहे, त्याकडे आपण सगळेच दुर्लक्ष करतो. निघून जाणं. तुमचे विद्यार्थी सहा आठवड्यांनी परत येणार, हे त्यांना आणि तुम्हाला माहीत आहे. मुलांना कधी सांगितलं? शाळा सुटलेल्या कितीतरी मुलांना माणसं सोडून गेल्याचा अनुभव आधीच असतो. एक ताई येते, जीव लावते, एके दिवशी सगळ्यांसोबत एक फोटो काढते आणि नाहीशी होते. पुढच्या वर्षीच्या छात्राध्यापकाशी मूल तुटक वागतं त्याचं कारण मागच्या वर्षीच्या निरोपात असू शकतं. पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर शेवटची तारीख दाखवून सांगायचं: मी या दिवसापर्यंत येणार आहे. दर आठवड्याला त्याची आठवण द्यायची. शेवटच्या आठवड्यात नवीन काही सुरू करायचं नाही. प्रत्येक मुलासोबत केलेलं काम त्याच्या हातात द्यायचं, आणि पुढे कोण सोबत असेल त्याच्याशी गाठ घालून द्यायची. ‘मी येत राहीन’ म्हणायचं नाही, येणार असेल तरच. निरोप घेणं ही शिकायची गोष्ट आहे आणि तिला तुमच्या वेळापत्रकात एक पूर्ण दिवस द्या.

निवडीबद्दल. खंबीर मुलांनाच पाठवावं हे मला पटत नाही. खंबीर म्हणजे आपण बहुतेक वेळा मोठ्या आवाजाची, वर्ग गप्प करणारी मुलं धरतो, आणि तिथे नेमकी तीच मुलं आधी तुटतात. त्यांचं हत्यार चालत नाही, दुसरं त्यांच्याकडे नसतं. सक्तीही नको. सगळ्यांना एकेक दिवस तिन्ही जागा दाखवून आणा, मग ज्याने त्याने ठरवावं, आणि नाही म्हणणाऱ्याचे गुण कापले जाऊ नयेत. पाच जणांनीच हात वर केले तर पाच. रुग्णालयाच्या वर्गात शोभणारी मुलगी किशोरांच्या केंद्रात शोभेलच असं नाही, तेव्हा कोण कुठे हेही तिथल्या प्रमुखांसोबत बसून ठरवा. त्या ताईंना आधी महाविद्यालयात बोलवा, पाहुण्या म्हणून एक भाषण द्यायला नव्हे, दोन-तीन तास शिकवायला. त्याचं मानधन द्या आणि छात्राध्यापकांच्या मूल्यमापनात त्यांचा शब्द धरा. तुमच्या विद्यार्थ्यांची खरी गुरू तिथे त्याच असतात.

बंद करावं का? एका परिस्थितीत होय. छात्राध्यापकाशेजारी बसायला तिथलं अनुभवी माणूस मोकळं नसेल, तुमचे विद्यार्थी तिथली रिकामी जागा भरायला वापरले जात असतील, तर पाठवू नका. आधीच अर्धवट सुटलेल्या मुलांना शिकाऊ हातांत एकटं सोपवणं अन्यायाचं आहे, आणि त्या विद्यार्थ्यांवरही. अशा वेळी एक ठिकाण कमी करा, दुसऱ्यावर लक्ष द्या. बाकी चालू ठेवा. यातले बरेच जण पुढे नेहमीच्या शाळेतच नोकरी करतील, आणि तिथे मागच्या बाकावर दप्तर न उतरवता बसलेलं कुणीतरी असेलच.

राहिली ती तुमची विद्यार्थिनी, जिला मुलं आवडतात की नाही याची आता खात्री नाही. मुलं आवडतात असं आपण म्हणतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा मुलांना मी आवडते, हेही मिसळलेलं असतं. लहान वर्गात मुलं हात धरतात, चित्र काढून देतात. ते मिळालं की आवडणं सोपं असतं. तिला पंधरा दिवसांत त्यातलं काही मिळालं नाही, आणि ती आपल्या मनाशी इतकं प्रामाणिक बोलली. मी असते तर तिला सोडलं नसतं. तिला वेगळं बोलवा. ‘का परत आलीस’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ती पाठ करून आली असेल. शेवटच्या दिवशी काय काय झालं, सकाळी दारापासून, हे सावकाश सांगायला लावा. कुणाचं नाव ती पुन्हा पुन्हा घेते ते ऐका. आणि नवीन निरीक्षणपत्रिका तयार कराल तेव्हा तिचा पहिला कच्चा मसुदा त्या चौघांपुढे ठेवून विचारा, हा कागद घेऊन मी आले असते तर तुम्ही त्या दिवशी काय वेगळं केलं असतं. त्यांनी जे सांगितलं ते मलाही कळवा.